कोलशेतचा काळ्या डोक्याचा खंड्या

परवा नातीची मैत्रीण घरी आली होती. गळ्यात दुर्बीण, पाठीवर भली मोठी सॅक. "आजी, तुम्ही म्हणे लग्नाआधी कोलशेतला खंड्या बघायला गेला होतात? लिहा ना, आम्हालाही जायचंय." नातीने लगेच हा ब्लॉग उघडून दिला आणि वर बजावलं, "कसं जायचं, काय खायचं, काय दिसतं, सगळं लिही हं. नुसत्या जुन्या गप्पा नकोत." बरं बाई, लिहिते. पण आधीच सांगून ठेवते, ही सहल हसतखेळत संपलेली नाही. मन घट्ट असेल त्यांनी पुढे वाचावं.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. आम्ही डोंबिवलीला राहायचो. स्टेशन, चार आळ्या आणि उरलेली सगळी भातखाचरं, एवढीच तेव्हाची डोंबिवली. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी पोहे खाऊन जायचं आणि कळवतो म्हणायचं. माझा मोठा भाऊ, दादा, मुंबईला कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागला होता. त्यामुळे घरात पाल दिसली तरी आधी तिचं लॅटिन नाव ऐकावं लागायचं.

त्या थंडीत डोंबिवलीच्या खाडीवर मला एक खंड्या दिसला. खंड्या तुम्हाला माहीत असतो तो तारेवर बसणारा. तपकिरी डोकं, निळी पाठ, पुढे पांढरा शर्टफ्रंट आणि लाल चोच. विहिरीच्या कठड्यावरसुद्धा येऊन बसतो आणि मासे नसले तर सरडे, नाकतोडे, काय मिळेल ते खातो. मला दिसलेला तो नव्हता. याचं डोकं काळं कुळकुळीत होतं, गळ्याशी पांढरी पट्टी, पोट नारिंगी आणि पाठ जांभळट निळी. काळी टोपी घालून कचेरीला निघालेल्या कारकुनासारखा ताठ बसला होता.

मी घरी येऊन सांगितलं तर दादा हसला. "कुसे, सावलीत तपकिरी रंग काळाच दिसतो. काळ्या डोक्याचा खंड्या आपल्याकडे दुर्मीळ. आमच्या सरांनाही अजून दिसलेला नाही, तुला बरा दिसला!"

"तुमच्या सरांना चष्मा आहे. मला नाही," मी म्हटलं.

मग जी जुंपली ती जेवणं होईपर्यंत. शेवटी आई कावून म्हणाली, "एकदा जाऊन बघून या आणि माझं डोकं सोडा." कॉलेजला लागून दोन सुट्ट्या आल्या होत्या. दादाने कॉलेजची दुर्बीण मागून आणली आणि ठरलं. डोंबिवलीला नाही, कोलशेतला जायचं, कारण तिथे तिवरांचं दाट रान आहे आणि या खंड्याला तिवरंच लागतात, असं दादाच्या पुस्तकात होतं. खाऱ्या पाण्याच्या चिखलात उगवणारी ती बुटकी झाडं ना, तीच तिवरं. तुम्ही मॅन्ग्रोव्ह म्हणता.

आता प्रवासाचं. डोंबिवलीहून गाडीने ठाण्याला, तिथून चालत नौपाड्याला मावशीकडे मुक्काम. मावशीने रात्रीच दशम्या आणि लसणाची चटणी बांधून ठेवली. सकाळी घोडबंदरकडे जाणारी एसटी धरली. भाडं सांगत नाही, तुम्हाला खोटं वाटेल. घोडबंदर रोड म्हणजे दोन्ही बाजूंनी झाडी आणि मधे एक खडबडीत रस्ता, समोरून दुसरी गाडी आली की ड्रायव्हरलाच आनंद व्हायचा. कोलशेतच्या फाट्यावर उतरून पुढे पायी. आज जाणार असाल तर उजाडायच्या आत घर सोडा, नाहीतर त्याच रस्त्यावर सिग्नलला पक्ष्यांऐवजी ट्रकांचे नंबर बघत बसाल. आणि जाण्याआधी ओहोटीची वेळ बघून ठेवा. पाणी उतरलं की चिखलावर खेकडे बाहेर पडतात आणि मग खंड्या दिसायची शक्यता असते.

गावात शिरलो तर गाव रिकामा. जाळी तशीच पसरलेली, ओट्यावर एक म्हातारी आणि दोन कुत्री. आम्ही गावाच्या पलीकडे मिठागराच्या बांधावर गेलो. बांधाच्या टोकाला एक बाई खाडीकडे तोंड करून बसली होती. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. बाजूला टोपली, टोपलीत भाकरी झाकलेली.

दादाने पुस्तकी थाटात विचारलं, "बाई, इथे धीवर दिसतो का हो?"

तिला काही कळेना. मी म्हटलं, "पक्षी हो. निळा, लाल चोचीचा, पाण्यात सूर मारतो तो."

"किलकिल्या?" ती म्हणाली. "असंल. मी नाय बघितला. मी दुसरंच बघतंय."

मग तिने सांगितलं. तिचा नवरा दोन रात्रींपूर्वी भरतीला होडी घेऊन एकटाच गेला होता, तो परत आला नव्हता. गावातले सगळे गडी होड्या घेऊन खालच्या अंगाला, घोडबंदरच्या बाजूला गेले होते. ओहोटीचं पाणी तिकडेच ओढतं म्हणून तिकडेच सापडेल, असं सगळ्यांचं म्हणणं. सासराही त्यांच्यात होता. तिचं नाव चांगुणा. भाकरी नवऱ्यासाठी होती. येईल तेव्हा भुकेला असेल म्हणून ती रोज ताजी भाजून आणत होती.

मी विचारलं, "नाव काय त्यांचं? आम्ही वाटेत, ठाण्यात कुणाला विचारू."

चांगुणाने पदर तोंडाशी धरला. "नाव कसं घेऊ, ताय?"

"अगं बाई, माणूस सापडत नाहीये आणि तू नाव घ्यायला लाजतेस?"

माझा स्वभाव हा असा. दादाने मला कोपर मारलं. चांगुणा हळूच म्हणाली, "जेजुरीच्या देवाचं हाय नाव."

"मल्हारी!" मी म्हटलं. तिने मान खाली घातली. मी ते हो समजले.

आमच्या आईनेही कधी बाबांचं नाव घेतलं नव्हतं. कुणी विचारलं तर ती आम्हा मुलांना पुढे करायची. त्यामुळे यात काही वेगळं आहे असं मला वाटलं नाही, राग आला एवढंच. नाव घेतल्याने नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणे. कुणी मोजलं होतं कोण जाणे!

त्या दिवशी आम्ही बांधाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर बसलो. दशम्या खाल्ल्या. दादा म्हणाला, "आपण जाऊया का परत?" मी म्हटलं, "जाऊन काय करणार? इथे निदान आणखी चार डोळे खाडीवर राहतील." अर्ध्या मनात तेच होतं. खोटं कशाला बोलू, दुसऱ्या अर्ध्या मनात खंड्याही होता.

दुपार कलल्यावर तो दिसला. बांधापासून बराच लांब, तिवरांच्या आड एक छोटी ओहळी आत शिरली होती, तिथे चिखलातून एक खांब वर आलेला. त्या खांबावर पक्षी. खाली झेपावला, काहीतरी उचललं, परत त्याच खांबावर येऊन बसला. पुन्हा झेप, पुन्हा तोच खांब. काळ्यापांढऱ्या जातीचा खंड्या असता तर पाण्यावर एका जागी फडफडत थांबला असता. हा थांबत नव्हता, बसून वाट बघत होता. पण सूर्य समोर, सगळाच पक्षी काळा दिसत होता. डोकं तपकिरी की काळं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"उद्या सकाळी ऊन पाठीमागून पडेल," दादा म्हणाला. "खंड्या आपली बसायची जागा सहसा सोडत नाही. चांगली शिकार मिळत असेल तर अजिबातच नाही. उद्या हा इथेच असणार."

रात्री मावशीला सगळं सांगितलं. तिने देवापुढे निरांजन लावलं, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, "देवा, त्या मल्हारीला सुखरूप घरी आण." मीही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने परत कोलशेतला. चांगुणा बांधावर त्याच जागी बसली होती. टोपलीत नवी भाकरी होती. डोळे सुजलेले. "नाय आले," एवढंच म्हणाली. गावातल्या होड्या परत आल्या होत्या आणि गडी चहा घेऊन पुन्हा खाली निघायच्या तयारीत होते. सासरा धक्क्यावर होडीतलं पाणी उपसत होता. सुका म्हातारा, कमरेला रुमाल.

आम्ही कोपऱ्यावर जाऊन बसलो. ऊन पाठीवर आलं. दादाने दुर्बीण लावली. मग माझा तो शांत, पुस्तकी भाऊ बांधावर उभा राहिला आणि ओरडला,

"खंड्या दिसला! कुसे, खंड्या दिसला! काळंच डोकं आहे गं, काळंच आहे!"

मी खरंच टाळी वाजवली. तेवढ्यात बांधावरून धावत येणारी पावलं ऐकू आली. चांगुणा. पदर पडलेला, एक पाय मिठागरात घसरून चिखलाने भरलेला.

"कुठं? कुठं दिसले?"

दादाच्या डोळ्यांवर दुर्बीण तशीच. "तिथं! तिवरांच्या मागे. बसलाय बघा खांबावर, आरामात. खेकडा खातोय!"

"खातायत?" चांगुणा म्हणाली आणि हसली. मला ते हसणं आजही दिसतं. तोंडावर दोन्ही हात धरून, रडत रडत हसली. "भूक लागली असंल. किती रोजची भूक. मी भाकर आनते, थांबा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की काहीतरी भयंकर चुकतंय. मी तिचा हात धरला. "चांगुणा, अगं, पक्षी. तो पक्षी दिसला म्हणतोय. तुमचा किलकिल्या."

"नाय नाय. दादांनी नाव घेतलं ना? नाव घेऊनच सांगितलं."

"आम्ही त्या पक्ष्यालाच खंड्या म्हणतो गं."

तिचे ओठ हलले, पण तेव्हाही तिच्या तोंडातून ते नाव निघालं नाही. आणि मला एकदम लख्ख कळलं. जेजुरीचा देव. मल्हारी नव्हे, खंडोबा. खंडू. सगळ्या गावाचा खंड्या. देव तोच, आणि तिने सांगितलं होतं तेही खरंच होतं.

दादाने दुर्बीण खाली घेतली. "बाई, माफ करा," तो म्हणाला, "मला खरंच माहीत नव्हतं हो."

मला वाटलं आता ती शिव्या घालेल, खाली बसेल, छाती पिटेल. तिने यातलं काही केलं नाही. ती खाडीकडे बघत म्हणाली, "खांब कंचा?"

"तो काय, तिकडे. पक्षी बसलाय तो."

"त्या अंगाला खांब नाय. तिथं कोन जाळं लावत नाय. मना दावा."

मी तिच्या डोळ्यांना दुर्बीण लावली, मधलं चाक फिरवून दिलं. आधी तिला काही दिसेना. मग तिने दुर्बीण स्वतःच्या हातात घेतली. ती बराच वेळ बघत होती.

"तो खांब नाय," ती म्हणाली. "आमचा बांबू हाय. होडी ढकलायचा. त्याला माझ्या लुगड्याची हिरवी चिंधी बांधलीय. मीच बांधली व्हती."

पुढचं मी भराभर लिहिते. चांगुणाने धक्क्याच्या दिशेने जी आरोळी दिली ती ऐकून सासरा आणि आणखी दोघं होडी घेऊन आले. दादा कसलाही विचार न करता होडीत चढला, कारण ती ओहळी नेमकी कुठे हे त्यालाच दाखवता येत होतं. पाणी चढत होतं म्हणून होडी आत जाऊ शकली. आम्ही दोघी बांधावर उभ्या. होडी जवळ गेली तसा खंड्या उडाला. पाण्यालगत, सरळ आमच्या समोरून गेला. जांभळे निळे पंख, त्यांवर पांढरे मोठे ठिपके, काळं डोकं, नारिंगी पोट, आणि ती कर्कश किलकिल. काळ्या डोक्याचा खंड्या ओळखायला याहून चांगली संधी मला पुन्हा कधी मिळाली नाही. इतका देखणा पक्षी मी जन्मात पाहिला नव्हता आणि मला त्याचा इतका संताप आला की दगड मारावासा वाटला.

होडी खूप वेळ तिवरांआड होती. मग म्हाताऱ्याचा आवाज आला. शब्द एकच. "खंड्या. खंड्या रे. खंड्या." रागावल्यासारखा, झोपलेल्या पोराला उठवावं तसा.

होडी उलटून चिखलात रुतली होती आणि तो तिच्याखाली होता. कसं झालं ते कुणालाच नीट कळलं नाही. अंधारात होडी अडकली असेल, सोडवायला उतरला असेल, पाय गाळात गेले असतील. खालच्या अंगाला शोधणाऱ्यांना ती जागा दिसणं शक्यच नव्हतं, तिवरांनी सगळं झाकलं होतं. बांबू तेवढा वर राहिला होता.

त्याला बांधावर आणला. वरून जाळं घातलं होतं. चांगुणा जवळ गेली, बसली, आणि एकदम मोठ्याने हाक मारली, "खंडू!" मग आणखी मोठ्याने. पुन्हा पुन्हा. आसपासच्या बायका चपापल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगो, नाव नको घेऊ." चांगुणा तिच्याकडे वळली.

"आता कोनाचं आयुष्य कमी होनार?" ती म्हणाली. "सगला गाव नाव घेऊन हाका मारीत व्हता. मी बांधावरशी नुसती ओऽ ओऽ करत बसले. माझी हाक हाय ते त्यांना कसं कललं असंल?"

दादा मला हाताला धरून फाट्याकडे घेऊन निघाला.

परतीच्या एसटीत दादाने दुर्बीण पेटीत घातली, पट्टा गुंडाळला, पेटी मांडीवर धरून बसला. ठाणं यायच्या थोडं आधी म्हणाला, "कुसे, तिथे खेकडे इतके का होते, माहितीय?" मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला कळलं. मी म्हटलं, "नको सांगूस." त्याने नाही सांगितलं. नौपाड्यात मावशी दारातच उभी होती. "मल्हारी सापडला का गं?" मी हो म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन रडून घेतलं.

डोंबिवलीला घरी आल्यावर दादा आईला म्हणाला, "कुसुमचं बरोबर होतं. काळ्या डोक्याचाच होता." मी जिंकले होते. जिंकून काय करायचं ते मात्र कळत नव्हतं. दादाने आपलं हे निरीक्षण सरांना कधीच सांगितलं नाही. पुढे तो प्राध्यापक झाला, शेकडो मुलांना पक्षी शिकवले, पण त्या पक्ष्याला नेहमी किलकिल्याच म्हणायचा. मुलांना वाटायचं सरांची ही काहीतरी लकब आहे.

तर मुलींनो, जा कोलशेतला. थंडीत जा, ओहोटीला जा, ऊन पाठीशी ठेवा. जुने कपडे घाला, चिखलाचे डाग निघत नाहीत. गावात कोळणींकडे ताजी मासळी मिळते, भाव करू नका. आणि खंड्या दिसला तर आनंदाने ओरडू नका, खूण करा.

त्यानंतर वर्षभरात माझं लग्न ठरलं. मुलगा कल्याणचा, बँकेत. लग्नाच्या पंक्तीत सगळ्या बायका मागे लागल्या, नाव घे, नाव घे. यमक जुळवलेला उखाणा हवा होता त्यांना, चांदीचं ताट आणि मोत्यांचे घोस वगैरे. सासूबाई कौतुकाने बघत होत्या. मी घास खाली ठेवला आणि म्हटलं, "मधुकर. मधुकर. मधुकर."

सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे काय?"

मी म्हटलं, "सवय करून घेतेय."